‘ट्रस्ट’ : एक शब्द आणि त्याची जबाबदारी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी मला केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी काही विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालो, शिक्षकी पेशात शिरलो आणि मुलांना मराठी व इंग्रजी शिकविता शिकविता केस पिकले, एवढेच माझे भांडवल. परंतु चिटणीसांनी मजपुढे एक अडचण मांडली आणि ती ऐकताच माझ्यातला निवृत्त मास्तर जागा झाला. अडचण अशी की, मंडळाच्या विद्यार्थिनी-वसतिगृहाच्या जागेवर नवी पाटी रंगवावयाची आहे. जुन्या पाटीवर ‘ट्रस्ट’ असा इंग्रजी शब्द होता. आता तेथे ‘न्यास’ लिहावे, ‘विश्वस्त निधी’ लिहावे, की ‘ट्रस्ट’च राहू द्यावे, यावर तरुण मंडळींत तीन मते पडली. तिघांनीही मला निवाडा विचारला. “गुरुजी, तुम्ही इंग्रजी शिकवलंत, तुम्हीच सांगा!” पाटी रंगविणारा तोवर ब्रश धुऊन घरी गेला, हे वेगळे.

निवाडा देण्यास बसलो, तो शब्दाने मला फार दूरवर फिरवून आणले. त्या फेरफटक्याचा वृत्तान्त मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम या शब्दाचे कूळ पाहू. ‘ट्रस्ट’ हा शब्द इंग्रजीत उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेतून आला, असे कोशकार सांगतात. ‘ट्रू’ म्हणजे खरा, हा त्याचा सगोत्र. जर्मन भाषेत त्याच कुळातला ‘ट्रोस्ट’ हा शब्द सांत्वन, दिलासा या अर्थी चालतो. आता आपला ‘विश्वास’ पाहा. ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे हा धातू. ज्याच्यापाशी मनुष्य मोकळेपणाने श्वास घेतो, तेथे विश्वास. एका भाषेने खरेपणातून व दिलाशातून हा भाव घडविला, दुसरीने श्वासातून. परंतु अनुभव एकच. कर्ज फेडून घरी आलेल्या माणसाच्या तोंडून जो सुस्कारा निघतो, तो ज्याने ऐकला असेल, त्यास या व्युत्पत्तीचे अधिक स्पष्टीकरण नको.

आता वापराकडे वळू. वर्गात मी मुलांना दोन वाक्ये फळ्यावर लिहून देत असे. एक, ‘आय बिलीव्ह यू’. दुसरे, ‘आय ट्रस्ट यू’. मराठीत दोहोंचे भाषांतर मुले एकच करीत : “माझा तुझ्यावर विश्वास आहे.” पण दोहोंत फार अंतर आहे. पहिल्याचा अर्थ, तू आत्ता जे सांगितलेस ते मला खरे वाटते. दुसऱ्याचा अर्थ, तू पुढे जे करशील ते नीटच करशील अशी माझी खात्री आहे. पहिला विश्वास बोलण्यावर, दुसरा माणसावर. पहिला झालेल्या गोष्टीविषयी, दुसरा न झालेल्या गोष्टीविषयी. म्हणूनच दुसरा देणे अधिक अवघड.

आणखी एक चूक आपली मुले हटकून करतात. आपण विश्वास माणसा‘वर’ ठेवतो, म्हणून ती इंग्रजीतही ‘ट्रस्ट ऑन’ लिहितात. इंग्रज मात्र ‘ट्रस्ट इन’ म्हणतो. तोच इंग्रज ‘ट्रस्ट टु लक’ म्हणाला, की त्याचा अर्थ ‘दैवावर हवाला ठेवणे’ असा होतो आणि त्यात थोडी निष्काळजीपणाची छटा येते. ‘ट्रस्ट हिम विथ मनी’ म्हणाला, तर ‘त्याच्या हाती पैसा सोपविण्यास हरकत नाही’ असा व्यवहारी अर्थ निघतो. जुन्या पद्धतीच्या पत्रात आरंभी ‘आय ट्रस्ट यू आर वेल’ असे असे. त्याचा अर्थ ‘आपण खुशाल असाल अशी आशा आहे’ एवढाच. तेथे विश्वासाचा काही विशेष संबंध नाही. आपल्या ‘पत्रास कारण की’सारखी ती एक रीत. तुरुंगात वागणूक चांगली ठेवून ज्याने अधिकाऱ्यांचा भरवसा मिळविला, त्या कैद्यास ‘ट्रस्टी’ असेच म्हणतात. त्याचे स्पेलिंग मात्र निराळे आणि उच्चारात जोर पहिल्या अक्षरावर. तेव्हा आमच्या विश्वस्त मंडळींनी इंग्रजीत आपली ओळख करून देताना स्पेलिंगची काळजी अवश्य घ्यावी!

‘ऑन ट्रस्ट’ माल नेणे म्हणजे उधारीवर नेणे. अमेरिकेच्या नाण्यांवर १८६४ पासून ‘आम्ही ईश्वरावर विश्वास ठेवतो’ अशा अर्थाचे शब्द येऊ लागले आणि १९५६ मध्ये ते त्या राष्ट्राचे बोधवाक्य ठरले. तेथील दुकानदारांनी त्यास शेपूट जोडले, की इतरांनी रोख पैसे द्यावेत. आपला वाणी ईश्वरास मध्ये न आणता ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावतो. आणि आपल्याकडे तर म्हणतातच, की विश्वास पानिपतात गेला! १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पडले, आणि तेव्हापासून मराठी माणसाने या शब्दावर कोटी करण्याची संधी सोडलेली नाही.

असो. येथवर झाला तो भावनेचा ‘ट्रस्ट’. व्याकरणात आपण याला भाववाचक नाम म्हणतो. त्याचे अनेकवचन होत नाही. परंतु हाच शब्द इंग्रजीत एका क्षणी सामान्यनाम होतो, त्याच्यामागे ‘अ’ लागतो, त्याचे ‘ट्रस्ट्स’ असे अनेकवचन होते. जो ट्रस्ट मोजता येत नाही तो अंतःकरणातला; आणि जो मोजता येतो तो कचेरीतला. हा दुसरा कसा जन्मास आला, त्याची कथा मोठी मनोरंजक आहे.

मध्ययुगीन इंग्लंडात एखादा जमीनदार धर्मयुद्धावर निघाला, की त्यास चिंता पडे : मागे बायकामुलांचे काय? मग तो आपली जमीन एखाद्या मित्राच्या नावे करून देई आणि त्यास सांगे, “ही तुझ्या नावावर, पण उपभोग माझ्या मुलाबाळांचा.” मित्र सज्जन असला तर ठीक. तो फिरला तर? राजाच्या साध्या न्यायालयात कागद पाहत. कागदावर मालक मित्रच. तेथे मुलांना दाद नव्हती. तेव्हा ती राजाच्या चॅन्सेलरकडे जात. हा अधिकारी त्या काळी बहुधा धर्मगुरू असे. तो कागद पाहून थांबत नसे. तो मित्राच्या सदसद्विवेकबुद्धीस हात घाली. “कायद्याने जमीन तुझी असेल, परंतु तुझ्या मनास ठाऊक आहे की ती तुझी नव्हे. तेव्हा तू मुलांच्या हितासाठीच ती वापरली पाहिजेस,” असा हुकूम तो देई. अशा व्यवस्थांमुळे राजाची देणी बुडू लागली, म्हणून आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३६ मध्ये, त्यांना आळा घालणारा कायदा झाला. तरी वकिलांच्या युक्तीने व चॅन्सेलरच्या न्यायाने ही कल्पना जगली आणि तिला ‘ट्रस्ट’ हे नाव कायमचे चिकटले. मेटलंड या थोर इतिहासकाराने तर इंग्रजांनी कायद्याच्या क्षेत्रात केलेली सर्वांत मोठी कामगिरी म्हणून या कल्पनेचाच गौरव केला आहे.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच नवी होती असे नव्हे. मनूने व्यवहाराची म्हणजे दाव्यांची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानानंतर लगेच ‘निक्षेप’ येतो. मोजून, दाखवून ठेवावयास दिलेली वस्तू तो निक्षेप. आणि बंद पेटीत, आत काय आहे ते न सांगता दिलेली ती उपनिधी. ‘न्यास’ या शब्दाचा धात्वर्थही ‘खाली ठेवणे, स्थापन करणे’ असाच. पूजेत आपण अंगन्यास, करन्यास करतो तो हाच शब्द. आणि गंमत पाहा, मराठीत आपण विश्वास ‘ठेवतो’ आणि ठेवही ‘ठेवतो’. क्रियापद एकच. आपल्या भाषेने मनातली ठेव आणि पेटीतली ठेव यांत भेदच केला नाही.

परंतु एक सूक्ष्म भेद ध्यानात घेतला पाहिजे. ठेवीत माणसे दोन : ठेवणारा आणि सांभाळणारा. ठेव शेवटी ठेवणाऱ्याकडे परत जाते. त्यामुळे तो डोळ्यांत तेल घालून तिच्यावर नजर ठेवतो. ट्रस्टमध्ये माणसे तीन : देणारा, सांभाळणारा आणि ज्याच्यासाठी दिले तो. देणारा पुष्कळदा निवर्तलेला असतो. ज्याच्यासाठी दिले तो पुष्कळदा लहान असतो, अजाण असतो, किंवा अजून जन्मासही आलेला नसतो. म्हणजे हिशेब विचारणारे कोणी समोर नाही, अशा ठिकाणी हिशेब चोख ठेवण्याचे नाव ट्रस्ट. म्हणून ‘विश्वस्त’ हे पद साध्या ठेवीदाराच्या पदाहून कठीण.

‘ट्रस्टी’ या शब्दाची घडणही हेच सांगते. इंग्रजीत शेवटी दीर्घ ‘ई’ लागून होणारे शब्द पाहा : ‘पेयी’ म्हणजे ज्यास पैसे द्यावयाचे तो, ‘नॉमिनी’ म्हणजे ज्याचे नाव लावले गेले तो. ही सारी कर्मणी रूपे. ट्रस्टी म्हणजे विश्वास ठेवणारा नव्हे; ज्याच्यावर विश्वास टाकला गेला तो. तो मालकी गाजविणारा कर्ता नसून एका मोठ्या वाक्यातले कर्म आहे. हे व्याकरण ज्या विश्वस्तास उमगले, त्यास निराळ्या उपदेशाची गरज नाही.

भारतात खासगी ट्रस्टांसाठी १८८२ मध्ये कायदा झाला. त्यात ट्रस्टची व्याख्या केली आहे ती थोडक्यात अशी : मालमत्तेच्या मालकीला जोडलेले, दुसऱ्याच्या हितासाठी पत्करलेले असे एक बंधन. बंधन हा शब्द पाहा, अधिकार नव्हे. शहाणा मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेईल तेवढी विश्वस्ताने घ्यावी, आणि तिचा उपयोग स्वतःच्या लाभासाठी किंवा ट्रस्टशी संबंध नसलेल्या कामासाठी करू नये, असेही तो कायदा सांगतो.

नेमक्या त्याच १८८२ साली सातासमुद्रापलीकडे या शब्दाचे धिंडवडे निघाले. अमेरिकेत रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलने अनेक तेल कंपन्यांचे भाग नऊ विश्वस्तांच्या हाती एकवटून एक ‘ट्रस्ट’ उभारला. हेतू अनाथांच्या संरक्षणाचा नव्हता. बाजार मुठीत धरण्याचा होता. पाहता पाहता साखर, तंबाखू यांच्या व्यापारांतही असे ट्रस्ट निघाले आणि अमेरिकन माणसास ‘ट्रस्ट’ म्हणजे मक्तेदारी, हाच अर्थ प्रथम आठवू लागला. १८९० मध्ये शर्मन यांच्या नावाचा ‘अँटिट्रस्ट’ कायदा झाला आणि १९११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्या तेलसंस्थेचे ३४ तुकडे झाले. विश्वास या अर्थाच्या शब्दाला ‘विरोधी’ हा उपसर्ग लावून कायदा करावा लागला!

मुंबईकरांना हा शब्द आणखी निराळ्या रूपात भेटला. १८७३ मध्ये बंदराचा कारभार पाहण्यासाठी ‘पोर्ट ट्रस्ट’ आला. २०२१ च्या कायद्यानंतर त्याच्या नावातून ट्रस्ट जाऊन ‘ऑथॉरिटी’ आली. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, शहरसुधारणेसाठी ‘इंप्रुव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. पुढे तो महापालिकेत विलीन झाला, तरी ‘बी. आय. टी. चाळी’ या नावातले शेवटचे अक्षर आजही त्याची आठवण देते. १९६४ पासून ‘युनिट ट्रस्ट’ने मध्यमवर्गीयांची बचत गोळा केली; आणि जुलै २००१ मध्ये त्याच्या ‘६४’ क्रमांकाच्या योजनेची युनिटे परत घेणे थांबले, तेव्हा कित्येक निवृत्तांच्या घरी चूल मंदावली. नावात ट्रस्ट असला म्हणजे तो व्यवहारात असतोच असे नाही, हे त्या वर्षी पुष्कळांनी जाणले.

उलट, या एका शब्दाने एका माणसाचे आयुष्य कसे घडविले तेही पाहा. महात्मा गांधींनी आत्मकथेत सांगितले आहे, की बॅरिस्टरीच्या अभ्यासात वाचलेले स्नेलचे ‘इक्विटी’वरील पुस्तक त्यांना गीता वाचताना आठवले आणि ‘ट्रस्टी’ या शब्दाचा अर्थ अधिक उलगडला. विश्वस्तापाशी कोट्यवधी असले तरी त्यातली एक पैही त्याची नसते. तसे जगात राहावे, हा अपरिग्रह. त्यातूनच पुढे त्यांचा विश्वस्तवृत्तीचा विचार वाढला. रॉकफेलर आणि गांधी, दोघांनी एकच शब्द उचलला. कोणी त्याचे काय केले, ते आपण जाणता.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. त्याआधी एक कबुली देतो. कारण विश्वस्तांविषयी बोलणाऱ्याने स्वतःचे खातेही उघडे करावे.

१९८३ ची गोष्ट. मी एका शाळेत वर्गशिक्षक होतो. मुलांच्या सहलीचे ६४० रुपये माझ्यापाशी जमा होते. त्याच आठवड्यात माझ्या आईस दवाखान्यात न्यावे लागले. पगारास नऊ दिवस अवकाश होता. त्या पैशांतून मी २०० रुपये काढले. मनाशी म्हटले, चोरी नव्हे. पगार होताच भरतो. आणि भरलेही. सहल ठरल्या दिवशी गेली. कोणाचे एका पैचे नुकसान झाले नाही, असे माझी वही सांगत होती.

परंतु त्या नऊ दिवसांत एक प्रसंग घडला. एका मुलास ताप आला म्हणून त्याचा बाप सहलीचे पैसे परत मागण्यास आला. तो रोजंदारीवर जाणारा. उरलेले पैसे मी त्या सकाळीच मोटारवाल्यास विसार म्हणून दिले होते. माझ्या खिशात काही नव्हते. मी त्यास म्हणालो, “उद्या या.” दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी मी कोणाकडून तरी उसने आणून त्याचे पैसे दिले. तो हात जोडून म्हणाला, “गुरुजी, तुमच्यापाशी पैसे हायेत म्हंजी बँकेत हायेत. पन दोन रोज बुडाले, म्हनून म्हनतो.” दोन दिवसांची त्याची मजुरी माझ्यामुळे बुडाली होती. माझ्या वहीत ती कोठेच नव्हती. त्याची भरपाई देण्याचे धैर्यही मला झाले नाही, कारण मग कारण सांगावे लागले असते. आई बरी झाली. ती गोष्ट मात्र माझ्या मनातून आजवर गेलेली नाही. परत केले म्हणजे फिटले, असे विश्वासाच्या बाबतीत होत नाही. मधल्या काळात दारात कोण उभा राहील, हे सांभाळणाऱ्यास ठाऊक नसते. आणि कायदाही असेच मानतो. सोपविलेला पैसा अप्रामाणिकपणे स्वतःकडे वापरणे हा १८६० च्या दंडसंहितेत ‘न्यासभंग’ म्हणून गुन्हाच होता आणि २०२४ पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेतही तो आहेच. ‘नंतर भरले’ एवढ्याने तो पुसला जात नाही.

हे सांगण्याचे कारण असे. आपल्या वसतिगृहाची जागा ज्ञातीतील एका विधवा भगिनीने मुलींच्या शिक्षणासाठी दिली. नाव लावू नका, अशी तिची अट होती, म्हणून मीही ते घेत नाही. आज तेथे मुली थोड्या आहेत. मंगल कार्यालय बांधून ते ठेकेदारास दहा वर्षांच्या कराराने द्यावे, उत्पन्न वाढेल, पुढे त्यातून शिष्यवृत्त्या देता येतील, अशी सूचना काही उत्साही बांधवांनी मांडली आहे. त्यांचा हेतू वाईट आहे असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. ज्ञातीस कार्यालय हवे, हेही खरे. माझी विनंती एवढीच, की प्रश्न ‘आम्हांस काय सोयीचे’ असा न विचारता, ‘त्या बाईने कोणासाठी दिले’ असा विचारावा. नाहीतर हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवल्यासारखे होईल.

कायद्याची वाटही बांधवांनी समजून घ्यावी. आपल्यासारख्या संस्थांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू आहे. पूर्वी त्याच्या नावात ‘मुंबई’ होते, आता ‘महाराष्ट्र’ आहे. स्थावर मालमत्ता विकणे, किंवा इमारत वा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देणे, यांस धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मूळ हेतू खरोखरच पार पाडणे अशक्य झाले असेल, तर त्याच्या जवळच्या हेतूकडे निधी वळविण्याचीही वाट कायद्यात आहे. परंतु ती आयुक्त व न्यायालय यांच्या दारावरून जाते, आपल्या सभेतील हात वर करण्यावरून नव्हे. आणि मला वाटते, ‘अशक्य’ म्हणण्यापूर्वी आपण एक वर्ष खेड्यापाड्यांतील आपल्या घरोघरी जाऊन विचारावे, की कोणाची लेक शिकावयास शहरात पाठवावयाची राहिली आहे काय. मुली थोड्या का आहेत, हे आपण अजून कोणी शोधलेच नाही. भाडे परवडत नाही म्हणून, की पाण्याची सोय नाही म्हणून, की आपण त्यांच्यापर्यंत पोहोचलोच नाही म्हणून?

शेवटी पाटीचा निवाडा. शासनाच्या कायद्यात ‘विश्वस्तव्यवस्था’ आहे, आणि त्याच कायद्याखालील कचेरीच्या पाटीवर ‘सार्वजनिक न्यास नोंदणी’ आहे. शिर्डीचे संस्थान ‘विश्वस्तव्यवस्था’ म्हणवते, प्रभादेवीचा सिद्धिविनायक ‘न्यास’ म्हणवतो. दोन्ही देव प्रसन्न आहेत. तेव्हा शब्दावरून भांडण नको. ‘न्यास’ लिहा, तो आखूड आहे, रंगही कमी लागेल. परंतु त्याच्याखाली दुसरी ओळ अवश्य लिहा : ‘ज्ञातीतील मुलींच्या शिक्षणासाठी’. ट्रस्टमधील तिसरा मनुष्य सभेस येत नाही, मत देत नाही, हात वर करीत नाही. निदान पाटीवर तरी त्यास जागा असावी.

 मंडळाच्या कार्यास दिवसेंदिवस यश येवो आणि पुढील वर्षी या संमेलनात वसतिगृहाच्या मुलीच आपल्याला स्वागतगीत म्हणून दाखवोत, अशी ईश्वरचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.